शरयूआत्याची तळटीप

आमच्या वसतिगृहात कुकरची शिट्टी झाली की समोरच्या खोलीतला जर्मन मुलगा दार उघडून बाहेर यायचा आणि काही बिघडलंय का, असं फार सभ्यपणे विचारायचा. सुरुवातीला मी त्याला सगळं समजावून सांगायचे. आत डाळ आहे, पाणी आहे, वाफ साठते, वजन उचललं जातं. मग मी नुसतीच मान हलवायला लागले. पुढे त्यालाही सवय झाली, इतकी की एका रविवारी आम्ही नुसतीच पोळी-भाजी केली तेव्हा तो येऊन, आज आवाज का नाही, असं विचारून गेला. कायझर्सलाउटर्नमधली ती वर्षं आठवली की मला आधी ती शिट्टी ऐकू येते, मग खोल्यांमधल्या बोळात वाळत टाकलेल्या ओल्या कोटांचा वास येतो, मग फोडणीत हिंग पडल्याचा, आणि त्यानंतर राग येतो. वय वाढलं की राग निवतो, असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. माझे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण तो राग होता तिथेच आहे. तो आता कागदावर उतरवून ठेवायचा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं होतं, पण रविवारी ते आमचं असायचं. मी आणि केतकी. केतकी नाशिकची, माझ्या शेजारच्या खोलीत राहायची, आणि तिच्याइतकी पातळ पोळी मी त्यानंतर कुणाचीच पाहिली नाही. कणीक तिथे नीट मिळायची नाही, तुर्की दुकानातलं पीठ दोनदा चाळून घ्यावं लागायचं. तूरडाळ घरून आलेली, म्हणून पुरवून पुरवून वापरायची. शेंगदाण्याची चटणी सांगलीची, आत्याने प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून दिलेली. अकरा वाजले की एकेक मराठी मुलगा डोकावायला लागायचा. कुणी बटाटे सोलायचा, कुणी नुसताच टेबलावर बसून पुण्यातल्या गप्पा मारायचा, आणि सगळ्यात शेवटी, वरण तयार झाल्यावर, परागदादा यायचा. तो आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पुण्याचा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला फ्रँकफुर्टच्या विमानतळावर घ्यायला तोच जायचा. महापालिकेत नाव नोंदवायचं ते आनमेल्डुंग, बँक, खोली, सगळं तोच करून द्यायचा. मला घ्यायला आला तेव्हा त्याने आणलेला पराठा मी आगगाडीत रडत रडत खाल्ला होता. हे सगळं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्या उपकारांची आठवण आम्हाला किती वेळा आणि कोणकोणत्या प्रसंगी करून दिली गेली, तेही खरं आहे.

कुकर माझा होता, म्हणजे आत्याचा. शरयूआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिली, आणि सांगलीतल्या मुलींच्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाली. तिच्या प्रयोगशाळेत ओट्यावर रांगेने कुकर मांडलेले असायचे. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे जाऊन स्टुलावर बसायचे. आत्या कमरेवर हात ठेवून एकेका कुकरपुढे उभी राहायची, नजर शिट्टीच्या वजनावर. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही, मुलींनी नाही, शिपायाने नाही आणि मी तर मुळीच नाही. तांदूळ, तूर, मूग, हरभरा, नवं रबर, जुनं रबर, असं तिने वर्षानुवर्षं पाहिलं. शिट्टी होण्याआधी ते वजन जागच्या जागी डुलतं आणि एका बाजूला कलतं. तुरीची डाळ असेल तर फेस नळीच्या ज्या बाजूला सुकून बसलेला असतो, त्याच बाजूला दर वेळी कलतं, आणि मग शिट्ट्यांमधलं अंतर वाढत जातं. म्हणून शिट्ट्या मोजून शिजवलेली डाळ कधी मऊ होते, कधी कच्ची राहते. हे आत्याने कुठे वाचलेलं नव्हतं. तिने ते उभं राहून पाहिलेलं होतं.

मी आठवी-नववीत असताना त्यांच्या प्राचार्यबाईंचं एक पुस्तक निघालं, स्वयंपाकघरातल्या विज्ञानावर. त्यात हे सगळं होतं. कलणारं वजन होतं, फेस होता, शिट्ट्यांमधलं अंतर होतं, काही वाक्यं तर आत्या घरी बोलायची तशीच्या तशी. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. सुरुवातीला आभार होते, तेही ‘विभागातील सहकाऱ्यांचे’. बाबा जेवताना चिडून बोलले की हे सरळसरळ उचललंय, तू जाब विचार. आत्याने आमटीचं पातेलं पुढे ओढलं आणि म्हणाली, ‘‘अरे, विभागाचंच काम आहे ते.’’ विषय संपला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. घरात कुणी मला विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी काय सांगायचं ते मला कळलं नसतं. मला राग प्राचार्यबाईंचा आला होता की आत्याचा, हे आजही सांगता येणार नाही.

जर्मनीला गेल्यावर पहिल्याच सत्रात मी एक निबंध लिहिला, झेमिनारआर्बाइट म्हणतात तो, आणि तो लाल होऊन परत आला. तपासणारे फोग्ट आमच्या प्राध्यापकांचे सहायक होते. उंच, किडकिडीत माणूस, हिवाळ्यातही खिडकी उघडी ठेवून बसायचे. त्यांनी मला खोलीत बोलावून पुस्तक उघडून दाखवलं. माझा एक अख्खा परिच्छेद पुस्तकातला होता, शब्दन्‌शब्द. मी म्हटलं, हो, पुस्तकातलाच आहे, यादीत पुस्तकाचं नाव दिलंय की. मला त्यात गैर काय तेच समजेना. आमच्या शाळेत पुस्तकातलं वाक्य बदललं तर मार्क कापायचे. ‘तुझी अक्कल नको, पुस्तकात आहे तसं लिही’ हे वाक्य मी किती बाईंकडून ऐकलं असेल याची गणती नाही. कॉलेजात तर जर्नल उतरवून काढणं हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. काचेखाली दिवा ठेवून एकमेकांच्या ड्रॉइंगच्या शीट गिरवणारी आमची पिढी, आणि ती शीट द्यायला जो नाही म्हणेल तो माणूसघाणा. फोग्ट यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘तर, फ्राउ सबनीस, तुमच्याकडच्या विद्यार्थ्यांचं हे नेहमीचंच आहे.’’ तुमच्याकडच्या. मी त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा माझे कान तापले होते. त्या एका शब्दात त्यांनी माझ्यासकट सगळ्यांना एका पोत्यात भरलं होतं.

मग मी ते शिकले, निव्वळ त्या शब्दाच्या रागापायी शिकले. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे तर अवतरणचिन्हं लावायची, पान सांगायचं. त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं तरीही पान सांगायचं, कारण शब्द आपले असले तरी विचार त्याचा असतो. हे दुसरं मला सगळ्यात अवघड गेलं. शब्द इकडचे तिकडे केले की झालं, असं सगळ्यांना वाटतं. मी माझी एक रीत बसवली. पुस्तक वाचायचं, मिटून खोलीत ठेवायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि केतकीला कणीक मळता मळता ते मराठीत सांगायचं. तिला कळलं की मला कळलं. मग परत येऊन ते जर्मनमध्ये लिहायचं. केतकी बिचारी संगणकवाली, पण त्या वर्षात तिला झडपांबद्दल जेवढं कळलं तेवढं आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना कळलं नसेल.

झडपा म्हणायचं कारण, पुढचा मोठा निबंध मी त्यांच्यावर घेतला. वजनाने मिटणाऱ्या झडपा वाफ सलग न सोडता उचक्या दिल्यासारखी का सोडतात, हा विषय. पुस्तकांत स्वच्छ वाफेबद्दल होतं, फेसाळ पाण्याबद्दल फारसं काही सापडेना. आणि मला तर ते माहीत होतं, स्टुलावर बसून पाहिलेलं होतं. मी फोग्ट यांना विचारलं की एखाद्या माणसाने तोंडी सांगितलेली गोष्ट आधार म्हणून चालते का. ते म्हणाले, चालते, पण माणसाचं पूर्ण नाव हवं, ती व्यक्ती काय करते, कुठे असते, कधी सांगितलं ते हवं, आणि विचारलं तर ती सापडायला हवी. मी आत्याला फोन लावला, फोनच्या कार्डावरचा वेळ संपेपर्यंत तिच्याकडून सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं, आणि नवव्या पानाच्या तळाशी टीप घातली. तोंडी माहिती, शरयू भास्कर सबनीस, गृहविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका, सांगली. ती ओळ प्रिंटरमधून बाहेर आली तेव्हा मी तिच्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं जे नाव कुठेच नव्हतं, ते मी एका जर्मन निबंधात घातलं होतं, आणि त्याचा मला माझ्या मार्कांपेक्षा जास्त अभिमान वाटला होता.

निबंध द्यायच्या आधी एका रविवारी परागदादा वरणभात खाऊन झाल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्याचाही त्याच विभागात निबंध राहिला होता, मुदत वाढवून घेतलेली होती. स्टुटगार्टला एका कंपनीत त्याची नोकरी ठरत आली होती आणि हा एक निबंध सुटला की तो मोकळा होणार होता. म्हणाला, मांडणी कशी करायची ते बघतो फक्त, फोग्टला काय आवडतं तुला माहितीये. मी फाइल दिली. का दिलीस, असं पुढे मला फोग्ट यांनी विचारलं, केतकीने विचारलं, आणि अगदी अलीकडे म्युनिकमध्ये जन्मून वाढलेल्या माझ्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं. ती म्हणते, मम्मा, मग चूक तुझीच ना? मला तिचाही राग येतो. ज्याने आपल्याला परक्या देशात हाताला धरून आणलं त्याला फाइल नाकारायची असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि विश्वासाने दिलेली वस्तू पळवणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचा दोष मोठा, हा न्याय मला आजही मान्य नाही.

परागदादाने आपला निबंध माझ्या आधी दिला. त्यामुळे फोग्ट यांनी मला बोलावलं ते चोर म्हणूनच. टेबलावर दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवलेले, खिडकी उघडी, मी कोटासकट कुडकुडत उभी. ते म्हणाले की वाक्यं वेगळी आहेत, पण क्रम तोच, उदाहरणं तीच, आधाराची पुस्तकंसुद्धा तीच, आणि तुमचा नंतर आला आहे. निबंधाच्या शेवटच्या पानावर, हे काम माझं मी केलं आहे, अशी सही असते. त्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. खोटी ठरली तर हा विषय गेला, आणि बहुधा विद्यापीठातली जागाही, म्हणजे व्हिसाही. मी म्हणाले की माझा निबंध माझा आहे. ते म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, समोरचाही तेच म्हणतो. त्यांनी आम्हा दोघांना त्या आठवड्याच्या अखेरीस एकत्र बोलावलं.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. परागदादा माझ्यावर ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्यासाठी चहा करून घेऊन आला, शेजारी बसला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘‘हे बघ मीनू, टेन्शन घेऊ नकोस. आपण दोघांनी सांगायचं की ग्रुपवर्क होतं, लिहायचं राहिलं. दोघांचेही थोडे मार्क्स कापतील, मॅटर क्लोज. मी एकटा अडकलो तर माझं स्टुटगार्ट गेलं गं.’’ बाकीचे माना डोलवत होते. एकजण म्हणाला की आपण आपल्यातच भांडलो तर या लोकांना आयतं कोलीत मिळेल. दुसऱ्याने मला परागदादाच्या आईच्या रक्तदाबाबद्दल सांगितलं. तिसरा म्हणाला, तुला फ्रँकफुर्टला कोण घ्यायला आलं होतं ते आठव. केतकी तेवढी पोळ्या लाटत होती, आणि लाटणं जरा जास्तच जोरात फिरत होतं. ज्यांना मी महिनोन्‌महिने वरण वाढलं, त्यांच्यापैकी एकानेही मला विचारलं नाही की निबंध कुणाचा. सगळ्यांना ते माहीतच होतं. माझं डोकं फिरलं होतं, आणि तरीही मी शेवटी बरं म्हणाले. इतक्या माणसांपुढे एकटीने नाही म्हणायची तेव्हा माझी छाती नव्हती.

परागदादा खूश झाला. दोघांच्या बोलण्यात मेळ हवा म्हणून त्याने आपला निबंध मला वाचायला दिला. तो मी दुसऱ्या दिवशी दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, बटाट्याचं सूप समोर ठेवून वाचला. त्याने मेहनत घेतली होती हे कबूल करायला हवं. माझं प्रत्येक वाक्य त्याने उलटं केलं होतं. ‘मोठं’ असेल तिथे ‘विशाल’, ‘लवकर’ असेल तिथे ‘अल्पावधीत’, अशा थाटाचं जर्मन. पुस्तकांची नावं आणि पानं मात्र माझीच, एक पान मी चुकीचं टाकलं होतं तेही तसंच. हे सगळं मी वाचत गेले. चिडले, पण वाचत गेले. मग डुलणारं वजन आलं. एका बाजूला कलणारं, फेसाच्या बाजूला कलणारं. त्याखाली टीप होती. आत्याचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, लेखकाचं स्वतःचं निरीक्षण.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं, ते मला त्या दुपारी कळलं. परागदादाने आयुष्यात कुकरला हात लावलेला नव्हता. तो वरण तयार झाल्यावर यायचा. शिट्टी झाली की तो बोळातून ओरडायचा, झालं का गं. माझ्या आत्याने गुडघे दुखेपर्यंत त्या ओट्यापुढे उभं राहून जे पाहिलं, ते एका बाईने छापून स्वतःचं केलं होतं, आणि आता हा दुसरा त्याच ओळीवर बसला होता, तेही तिचं नाव समोर छापलेलं दिसत असताना, ते खोडून. माझी वाक्यं त्याने घेतली ती मी भिडेखातर पोटात घातली असती, घालायला निघालेच होते. पण हे माझं नव्हतंच, मग मी ते कुणाला कसं देऊन टाकणार होते? सूप तसंच टाकून मी उठले. बसची वाट न पाहता चालत वसतिगृहावर आले आणि केतकीला सांगितलं की मी ग्रुपवर्क म्हणणार नाही. ती म्हणाली, ‘‘मी कालपासून याचीच वाट बघत होते.’’

ठरलेल्या सकाळी फोग्ट यांच्या खोलीत परागदादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने सुरुवात केली, ग्रुपवर्क, गैरसमज, दिलगिरी. मी त्याला मधेच थांबवलं. म्हणाले, हा निबंध मी एकटीने लिहिला आहे, नववं पान काढा. परागदादा मराठीत हळूच म्हणाला, मीनू, काय करतेस. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. फोग्ट यांनी माझी टीप वाचली, मग त्याची वाचली, आणि परागदादाला विचारलं की हे निरीक्षण तुम्ही कुठे केलंत, कोणत्या भांड्यावर. तो म्हणाला, घरी, आमच्या घरी सगळेच करतात. फोग्ट यांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. म्हणाले, या बाई सापडतील असं तुम्ही लिहिलंय, आता विचारता येईल का? सांगलीत तेव्हा दुपार होती. मी क्रमांक सांगितला आणि त्यांनी टेबलावरच्या फोनचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा केला.

आत्याने फोन उचलला. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. फोग्ट यांनी आपल्या ताठ इंग्रजीत सांगितलं की ते कोण आहेत, एका निबंधात एक निरीक्षण आहे, दोन विद्यार्थ्यांनी ते वेगवेगळ्या नावांवर लिहिलं आहे, आणि त्यांना एवढंच हवं आहे की ते निरीक्षण मूळ कुणाचं. त्यांनी ते वाचूनही दाखवलं. आत्या ऐकत होती. मला वाटलं आता संपलं, आता ती सांगेल. ती घसा साफ करून वर्गात बोलायची त्या इंग्रजीत म्हणाली, सर, हे आमच्या विभागाचं काम आहे, विभागात पुष्कळ लोक होते.

परागदादाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव मी पाहिला. फोग्ट यांनी पेन खाली ठेवलं. आणि मी, जिथे आम्ही एरवी मराठीत नुसतं कुजबुजायचो त्या खोलीत, मोठ्याने मराठीत बोलले. ‘‘आत्या, विभाग नव्हता. तू होतीस. मी स्टुलावर बसून बघत होते. एकदा तरी तुझं म्हण.’’

भांड्यांचा आवाज थांबला होता. फोग्ट यांनी मला थांबवलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांचं ते ‘तुमच्याकडच्या’ अर्धं माफ केलं आहे. मग आत्या बोलली, इंग्रजीतच, पण वर्गातल्या आवाजात नाही. म्हणाली, ‘‘माझं आहे. ते मी पाहिलं. आणखी कुणी पाहिलं नाही.’’ पुढे तिने नळीच्या कोणत्या बाजूला फेस धरतो आणि रबर जुनं झालं की काय बदलतं, तेही सांगितलं. ते माझ्या निबंधात नव्हतं. फोग्ट ते भराभर लिहून घेत होते, आणि लिहून झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, फ्राउ सबनीस, हे तुमच्या नावाने वापरण्याची परवानगी आहे ना?

परागदादाचा निबंध बाद झाला. विषय गेला, सत्र गेलं, स्टुटगार्टची ती नोकरीही गेली. पुढे वर्षभराने त्याला दुसरी मिळाली, असं ऐकलं. माझा निबंध राहिला. पण रविवारी स्वयंपाकघरात कुणी येईना. समोरून येणारी मुलं बोळात मोबाइल काढून बघायला लागायची. ‘तिने आपल्याच माणसाला पकडून दिलं’ हे मी ऐकलं आणि ‘एका ओळीसाठी’ हेही ऐकलं. मी आणि केतकी दोघींपुरता कुकर लावायचो. समोरचा जर्मन मुलगा एकदा ताटली घेऊन आला, आणि त्यानंतर येतच राहिला. त्या सगळ्यांपैकी काहीजण आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, समारंभांत भेटतात, गळ्यात पडतात, आपले ते दिवस म्हणतात. मी हसते. आतून मला त्या टेबलावर डोलणाऱ्या माना दिसत असतात.

फोग्ट यांच्या खोलीतल्या त्या सकाळनंतरच्या शनिवारी मी घरी फोन केला. आत्याने उचलला आणि आधी हेच विचारलं की त्या मुलाचं काय झालं. मी सांगितलं. ती बराच वेळ हळहळली. म्हणाली, ‘‘एवढं ताणायला नको होतंस गं. परक्या मुलखात एकमेकांना धरून राहायचं. आपलं काय जाणार होतं?’’

मी भडकले. आत्याशी मी त्याआधी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. म्हणाले, ‘‘तुझं जाणार होतं. एकदा गेलंच आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे आणि तू आमटी वाढून घेतलीस.’’ बोलून झाल्यावर मला वाटलं की ती फोन ठेवून देईल. तिने ठेवला नाही. कार्डावरचा वेळ चालला होता. मला माफी मागायची नव्हती, आणि ती मी कधी मागितली नाही.

‘‘मीनू,’’ ती शेवटी म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘कितव्या पानावर आहे गं ते?’’

‘‘नवव्या. तळाला.’’

‘‘नाव पूर्ण घातलंयस?’’

‘‘शरयू भास्कर सबनीस. पूर्ण.’’

मग नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाली, ‘‘एक प्रत पाठवून दे मला. साध्या पोस्टाने नको, रजिस्टर कर. जर्मन मला कुठलं येतंय, पण तेवढी ओळ वाचता येईल.’’